सौर प्रकल्पाची भिंत दरपत्रकावरून ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात काटोल तालुक्यात थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. तिच्या वावराच्या दक्षिणेला सौर प्रकल्प होतो आहे. शेजारच्या तीन कास्तकारांनी मिळून वीस एकर जमीन भाड्याने दिली आहे. सौर पॅनेल अजून आलेली नाहीत, पण भिंत आली आहे. आठ फूट उंच, रेडीमेड सिमेंटची (प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेले खांब आणि त्यांच्या खाचांत सरकवलेली सिमेंटची पॅनेल), चारही बाजूंनी एकसारखी. बहिणीने मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेलं आणि एक जागा दाखवली. तिथे लवण आहे, म्हणजे खोलगट जागा. वरच्या पाच-सहा वावरांचं पावसाचं पाणी पिढ्यान्पिढ्या त्या लवणातून खालच्या नाल्याला जातं. नवी भिंत त्या लवणात सरळ आडवी उभी होती. खाली बोट जाईल एवढीही फट नव्हती.

"तू तर जन्मभर ह्याच भिंती बांधल्या," बहीण म्हणाली. "मंग सांग भाऊ, आता पानी कुठून जाईन?"

मी तेहतीस वर्षं हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरच्या कारखान्यांच्या साइटवर सुपरवायझर होतो. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तिथे उभ्या उभ्या उत्तर नव्हतं. घरी आल्यावर बसून विचार केला आणि वाटलं, हे फक्त तिच्या धुऱ्यापुरतं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे विदर्भात गावोगावी असे प्रकल्प उभे राहत आहेत. हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, हे कोरडवाहू कास्तकाराला खरंच आधार देणारं आहे. कापसाला दिवसा वीज मिळाली तर रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांचे जीव वाचतील. प्रकल्पाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं फक्त त्याच्या भिंतीबद्दल आहे.

ही भिंत ठरते कशी, ते मी फार जवळून पाहिलं आहे. इष्टिमेटमध्ये ती अगदी शेवटी येते. 'कंपाउंड वॉल, प्रीकास्ट, उंची आठ फूट, इतके रनिंग मीटर, इतका दर.' लांबीला दराने गुणलं की काम संपलं. वीस एकर जमीन अगदी चौरस असली तरी तिचा घेर साडेअकराशे मीटरच्या जवळ जातो, आणि आपली वावरं काही चौरस नसतात. सात फुटांवर एक खांब धरला तर पाचशेहून जास्त खांब. पाचशे ठिकाणी माणूस जमिनीत गड्डा करतो, पण त्या पाचशे जागा आधी पायी फिरून पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटला. एका बाजूला मुरूम असतो, दुसऱ्या बाजूला दहा फूट काळी माती, तिसरीकडे लवण, चौथीकडे पांदण. इष्टिमेटमध्ये मात्र चारही बाजू एकाच ओळीत.

काळ्या मातीबद्दल मी अनुभवाने बोलतो. नव्वदच्या दशकात बुटीबोरीला एका कारखान्याच्या प्लॉटला आम्ही प्रीकास्ट भिंत घातली. मे महिना होता. माती दगडासारखी कडक, आणि तिच्या भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जाई. आम्ही दोन-दोन फुटांचे गड्डे केले, खांब उभे केले, गिट्टी-सिमेंट भरलं, खाचेत पॅनेल सोडली. पंधरा दिवसांत काम उरकलं. मालक खूश झाला, मीही झालो. पहिल्या पावसाळ्यात काही खांब अर्धा-पाऊण इंच वर आले. उन्हाळ्यात खाली बसले, पण होते तिथे नाही. दुसऱ्या वर्षी रेषा वाकडी दिसू लागली. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री चाळीस फूट भिंत रस्त्यावर पडली. पलीकडे एक चहाची टपरी होती, ती तिच्याखाली गेली. टपरीवाला त्या दिवशी लवकर घरी गेला होता, एवढ्यानेच तो वाचला. सकाळी तो आला, पॅनेलखालून आपली पितळी किटली ओढून काढली आणि काही न बोलता निघून गेला. मालकाने त्याच गड्ड्यांत तसेच खांब पुन्हा उभे करायला सांगितलं, आणि मी केले. तेव्हा 'नाही' म्हणायला हवं होतं. आज हे लिहायला बसलो त्यात तेही एक कारण आहे.

काळी माती पाणी पिते आणि फुगते, सुकते आणि आकसते. हा खेळ वरच्या काही फुटांत दरवर्षी चालतो. त्या थरातच ज्याचा पाया संपतो तो खांब मातीबरोबर वर-खाली होणारच. प्रीकास्टमध्ये पॅनेल खांबाच्या खाचेत जेमतेम इंचभर बसलेलं असतं. खांब थोडा कलला की पॅनेलची एक बाजू सुटते. वीटभिंतीचं दुखणं वेगळं आहे. तिला तिरप्या भेगा जातात, पण ती निदान वर्षभर आधी सूचना देते.

याला उपाय नाहीत असं नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी अंडर-रीम पाइलची पद्धत विकसित केली. गोल भोक खोल न्यायचं, खाली त्याला दुप्पट-अडीचपट रुंदीचा फुगा द्यायचा आणि त्यात काँक्रीट भरायचं, म्हणजे वरची माती कितीही हलली तरी पाइल खालच्या स्थिर मातीला धरून राहतो. भारतीय मानकात खोल काळ्या मातीसाठी त्याची लांबी किमान साडेतीन मीटर सांगितली आहे. पाइलवरून जाणारा बीम जमिनीला टेकवायचा नाही, त्याच्याखाली पोकळी ठेवायची, म्हणजे फुगलेली माती त्याला वर ढकलत नाही. हे महाग पडतं, मान्य. म्हणूनच मी म्हणतो, की खोल काळी माती असेल आणि पाइलचा खर्च करायचा नसेल, तर तिथे जड भिंत नकोच. जमीन हलते आहे तर वर हलकं, लवचिक कुंपण घाला. लोखंडी खांब आणि चेनलिंक जाळी अर्धा इंच वर-खाली झाली तर तिला काही होत नाही. ताण देणारी तार दोन वर्षांनी आवळली की पुन्हा सरळ.

माती फुगणारी आहे की नाही, हे कळायला मोठा खर्चही लागत नाही. वाळवून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची, दोन काचेच्या मोजपात्रांत टाकायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तासांनी पाहायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसतो. शहरातल्या कुठल्याही माती तपासणी प्रयोगशाळेत हे होतं. हद्दीवर दर शंभर मीटरला एक नमुना घेतला तरी वीस एकरांना बारा नमुने पुरतात. कोट्यवधींच्या प्रकल्पात बारा नमुने जड आहेत का?

आता बहिणीच्या लवणाकडे येतो. भरीव भिंत लवणात उभी केली की ती बंधारा होते. मात्र बंधारा बांधणारा माणूस त्याचा पाया, जाडी, सांडवा यांचा हिशेब करून बांधतो. दोन इंची पॅनेलच्या भिंतीचा असा कोणी हिशेब केलेला नसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडून शहरात काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तसा पाऊस काटोलकडे पडणार नाही असं कोण सांगेल? पाणी चार फूट तुंबलं तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला हजार किलोच्या वर दाब येतो. मग दोनच गोष्टी होऊ शकतात. भिंत टिकली तर वरची वावरं बुडतात, आणि भिंत पडली तर सगळं पाणी एकदम खालच्यांवर जातं. भिंतीला पाणी जायला दोन इंची पाइप ठेवले आहेत, असं ठेकेदार सांगतात. पऱ्हाटीच्या काड्या आणि पालापाचोळा पहिल्याच पुरात त्या पाइपांत अडकतो. लवणात भिंत नको. तिथे दोन मजबूत खांबांच्या मध्ये लोखंडी गजांची जाळी हवी, वरून बिजागरीवर टांगलेली. पाण्याचा जोर आला की ती उचलली जाईल आणि कचरा पुढे जाऊ देईल.

वाचकांपैकी कोणाची जमीन अशा भिंतीमुळे अडली असेल तर हे लक्षात ठेवावं. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली नैसर्गिक प्रवाहाला केलेला अडथळा काढायला तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. दिवाळीनंतर पाहू म्हणाल तर मुदत निघून जाईल. वाट अडली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये धुऱ्यावरून रस्ता मागण्याची सोय आहे.

सावलीचा मुद्दा प्रकल्पवाल्यांच्या खिशाचा आहे, तरी त्यांनीच तो विसरलेला मी पाहिला. नागपूरच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला भर दुपारी आठ फुटी भिंतीची सावली साधारण आठ फूट पडते. सूर्य माथ्यावर यायच्या तीन तास आधी तीच सावली पंधरा फूट होते आणि चार तास आधी सत्तावीस फूट. सौर पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. खालच्या ओळीवर सावली पडली तर फक्त तेवढ्याच भागाचं नुकसान होऊन थांबत नाही, त्या अख्ख्या साखळीची वीज घटते. म्हणून पॅनेल भिंतीपासून दूर ठेवावी लागतात. नुसत्या एका बाजूला पंधरा फुटांचा पट्टा सोडला तर तेरा गुंठे जातात. त्यात आतला फिरता रस्ता बसवता येतो, पण तीन बाजूंना तेवढा रुंद रस्ता कशाला? दक्षिण, पूर्व आणि पश्चिमेला जाळी असली तर पॅनेलच्या रांगा बऱ्याच पुढे आणता येतात. उत्तरेच्या भिंतीची हिवाळ्यातली सावली प्रकल्पाबाहेर पडते, म्हणून तिथे भरीव भिंत चालते असं इंजिनिअर म्हणतात. बाहेर म्हणजे कुठे? तर माझ्या बहिणीच्या हरभऱ्यावर. डिसेंबरात, घाटे धरायच्या दिवसांत, धुऱ्यालगतच्या सात-आठ फुटांना दिवसभर ऊन मिळणार नाही. तिला भाड्यातला एक रुपयाही मिळत नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं का?

वाऱ्याबद्दल थोडक्यात. मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा ढोबळ दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो. आठ फूट उंच आणि सात फूट रुंद अशा दोन खांबांमधल्या एका गाळ्यावर तो सहाशे किलोच्या वर जातो, आणि तो सगळा पेलायचा असतो एका सहा इंची खांबाने आणि त्याच्या गड्ड्याने. मे महिन्यातल्या अवकाळी वादळानंतर बुटीबोरीच्या रस्त्याने जाऊन पाहा, आडव्या पडलेल्या भिंती दिसतील. जाळीतून वारा निघून जातो.

"मग चोरीचं काय?" हा प्रश्न मला प्रत्येक मालकाने विचारला आहे आणि तो रास्तच आहे. सौर प्रकल्पात तांब्याची केबल चोरीला जाते, अख्खं सौर पॅनेल उचलून नेतात. पण आठ फुटी प्रीकास्ट भिंत चोराला अडवते, हा समज खोटा आहे. सात फूट लांब, फूटभर उंच, दोन इंच जाड अशा भिंतीच्या पॅनेलचं वजन सत्तर-ऐंशी किलो भरतं. दोघं जण ते खाचेतून वर उचलून बाजूला ठेवू शकतात. मी हे साइटवर मजुरांना रोज करताना पाहिलं आहे, चोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय भिंतीच्या आत कोण आहे हे बाहेरून दिसत नाही. रात्री रस्त्याने जाणाऱ्या माणसाला जाळीतून बॅटरीचा उजेड दिसतो, भिंतीतून दिसत नाही. जाळी कापता येते हे खरं. त्यावर वेल्डेड मेशची घट्ट जाळी, खाली काँक्रीटची एक पट्टी, कोपऱ्यांवर दिवे आणि कॅमेरे, आणि गावातलाच एक जागता राखणदार. माझ्या अनुभवात या राखणदाराच्या पगारात कपात केली की चोऱ्या वाढतात. स्विचयार्डची गोष्ट वेगळी. उघड्यावरच्या उपकेंद्राला किमान १.८ मीटर उंचीचं कुंपण वीज सुरक्षेच्या नियमांतच आहे, आणि लोखंडी कुंपणाला अर्थिंगही हवं. त्यात कुठेही तडजोड नको.

कारखान्याचं गणित निराळं आहे, हे मी आवर्जून लिहितो, नाहीतर कोणी म्हणेल हा माणूस सगळीकडे जाळीच लावायला सांगतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत रस्त्याच्या कडेला प्लॉट असेल, आत कोळसा किंवा भंगार पडलेलं असेल, यंत्रांचा आवाज शेजारच्या वस्तीत जात असेल, तर तिथे भरीव भिंतच हवी, आणि तीही कॉलम-बीम घेऊन बांधलेली. आपल्याकडे कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख डोंगरासारखी साचली आहे. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामाला राखेच्या विटा वापरणं बंधनकारक आहे. चांगल्या फ्लाय अॅश विटांची नऊ इंची भिंत, दर दहा-बारा फुटांवर कॉलम, वर कोपिंग, ठरावीक अंतरावर सांधा. अशा भिंती मी पंचवीस वर्षांपूर्वी उभ्या केल्या आणि आजही त्या सरळ आहेत. प्रीकास्टही वाईट नाही. मुरमाड जमिनीवर, सहा फुटांपर्यंत, नीट पाणी मारून पक्कं केलेलं पॅनेल असेल तर ते चांगलं काम देतं. पण आपल्या ४५ अंशांच्या उन्हात आज ओतून चार दिवसांत गाडीत चढवलेलं पॅनेल मी घेऊ नका असंच सांगेन. कोपरा नखाने खरडून पाहा. चुरी हाताला आली तर गाडी परत पाठवा.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी कास्तकारांनाच कुंपण हवं असतं, ते मला माहीत आहे. पण काटोल-कोंढाळीच्या पट्ट्यात बोर आणि पेंचच्या जंगलांतून जनावरं ये-जा करतात. किलोमीटरभर भरीव भिंत आली की रोही ती ओलांडत नाहीत, वळसा घालून शेजारच्या तुरीत शिरतात. म्हणजे ज्याने जमीन दिली नाही त्याच्याच तुरीत. त्यासाठी दोन प्रकल्पांच्या मध्ये मोकळा पट्टा सोडणं आणि जाळीच्या तळाशी ससा-मुंगूस जाईल एवढी जागा ठेवणं, एवढं तरी करता येईल. काटेरी तारेच्या गुंडाळ्या वर लावल्या तर त्यात घुबडं आणि मोर अडकतात. मी स्वतः एक मोर सोडवला आहे, त्याचा पंख वाचला नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मी कधीही हळू आवाजात बोलणार नाही. साइटवरचे मजूर भिंतीला टेकून झोपड्या घालतात. एक बाजू आयती मिळते, ताडपत्री कमी लागते. २९ जून २०१९ ला पुण्याच्या कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि पंधरा माणसं गेली, त्यांत लेकरंही होती. तीनच दिवसांनी मुंबईत मालाडला भिंतीमागे पाणी तुंबून ती वस्तीवर आली, तिथे पंचवीसहून अधिक जीव गेले. काटोलच्या त्या भिंतीला टेकून मी गेल्या आठवड्यात चार झोपड्या मोजल्या. एकीच्या बाहेर साडीचा पाळणा बांधला होता, त्याची दोरी प्रीकास्टच्या खांबाला. मी तिथल्या सुपरवायझरला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा, आधी ही माणसं हलव. पोरगा चांगला आहे, ऐकून घेतलं, पण म्हणाला, "काका, झोपड्यांसाठी जागा प्लॅनमध्ये नाही." भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत कोणी राहू नये, अशी अट ठेक्यात एका ओळीत लिहिता येते. ती ओळ कोण लिहिणार?

जमीन देणाऱ्या कास्तकारांनाही माझी विनंती आहे. करारावर सही करण्याआधी भाड्याबरोबर भिंतीचंही विचारा. हद्द कायम मोजणी झाली का, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत पाहिली का, लवणावर काय येणार, पांदण किती फूट सुटणार. पंचवीस-तीस वर्षांनी जमीन परत मिळेल तेव्हा पाचशे गड्ड्यांतलं काँक्रीट कोण उपटून नेणार, हेही लिहून घ्या. सौर पॅनेल नेतील, खांब भंगारात जातील, पण जमिनीत पुरलेले गोळे नातवाच्या वखराला लागतील.

बहिणीच्या वतीने परवा तहसील कार्यालयात अर्ज दिला. लवणातली सहा गाळ्यांची भिंत काढून तिथे उचलती जाळी बसवावी आणि झोपड्या आजच हलवाव्यात, एवढंच त्यात मागितलं आहे. प्रकल्पाच्या सुपरवायझरनेही त्याच्या वरच्यांना तसं कळवतो म्हणून सांगितलं. पोच माझ्याजवळ आहे. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर,
त्रिमूर्तीनगर, नागपूर